खाऱ्या हवेतली व्यायामाची खोली : कोकणातल्या घरासाठी फंक्शनल ट्रेनिंगचं साहित्य कसं निवडावं

माझं घर किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, सुरूच्या बनाच्या मागे. आठ वर्षांपूर्वी पडवीत व्यायामाचं सामान मांडलं तेव्हा क्रोमचे चकचकीत डंबेल्स, एक घडीचा बाक आणि तारेवर चालणारं छोटं मल्टिजिम घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यात डंबेलच्या मुठींवर बारीक तांबडे ठिपके आले. दुसऱ्या पावसाळ्यात क्रोमचे पापुद्रे सुटले आणि त्यांनी तळहात कापला. तिसऱ्या वर्षी मल्टिजिमची तार कप्पीजवळ तुटली. वजनं धाडकन खाली आली तेव्हा माझा पुतण्या तिथून जेमतेम दोन हातांवर उभा होता.

त्यानंतर मी साहित्य निवडण्याची पद्धतच बदलली. कोकणात व्यायामाची वस्तू घेताना माझा पहिला प्रश्न असतो की ही खाऱ्या, ओल्या हवेत टिकेल का. ती किती किलोची आणि कोणत्या स्नायूसाठी, हे नंतर. पुण्यातल्या बंद फ्लॅटसाठी केलेली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही, म्हणून हा लेख.

आधी हवा समजून घ्या

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिशय बारीक कण येतात आणि प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पावसाचा थेंबही न लागता, घरात ठेवलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर रात्रंदिवस असतो. घामातही मीठ असतं, ते वेगळंच.

यातून एक नियम निघतो, आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. लोखंडाला नुसतं तेल लावून उपयोग नाही, कारण मिठावर तेल लावलं तर मीठ तेलाखालीच राहतं. आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरडं करायचं आणि मगच तेलाचा हलका हात फिरवायचा. हा नियम ज्या वस्तूला पाळता येत नाही, जिच्या आतल्या स्प्रिंगांपर्यंत आणि बेअरिंगांपर्यंत फडकं पोचत नाही, ती वस्तू किनाऱ्यावरच्या घरात आणू नये. पुढची जवळजवळ सगळी निवड याच कसोटीवर केली आहे.

पहिली पायरी : शरीराची कामं लिहून काढा

फंक्शनल ट्रेनिंग म्हणजे एकेक स्नायू वेगळा फुगवण्याऐवजी रोजच्या हालचाली बळकट करणं. या हालचाली मुख्यतः सहा : बसणं-उठणं, कंबरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, ओझं घेऊन चालणं आणि अंग पिळणं. आपल्याकडे यांची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. आंब्याची पेटी जमिनीवरून उचलून टेम्पोत चढवणं, रहाटाने पाणी काढणं, गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरापर्यंत नेणं (आत गॅस १४.२ किलो, पण भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा), भाताचं पोतं माळ्यावर टाकणं.

आमच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला एकदा मीही उभा राहिलो होतो. दहा मिनिटांत दंड भरून आले. शेजारचे काका म्हणाले, "हातान नाय, पायान ओढूची." त्यांनी टाचा वाळूत रोवल्या, ढुंगण मागे नेलं आणि दोर आपसूक येऊ लागला. वाकून उचलण्याची आणि ओढण्याची सारी विद्या त्या एका वाक्यात आहे. ती अंगात आली की कोणतंही साहित्य उपयोगी पडतं, आणि ती नसेल तर महागडं यंत्रही कंबर धरायला लावतं.

तर एका कागदावर ह्या सहा हालचाली लिहा. प्रत्येकीसमोर तुमच्या घरातलं एक काम लिहा आणि ते करताना कुठे त्रास होतो तेही लिहा. माझ्या आईच्या कागदावर 'खालून उठताना गुडघा' आणि 'कळशी कमरेवर घेताना पाठ' एवढंच होतं. तिला लागलं ते साहित्यही तेवढंच, एक ८ किलोची केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) आणि एक रबरी पट्टा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा कागद वेगळा असेल. त्याला १६०० मीटर धावायचं आहे आणि ७.२६ किलोचा गोळा फेकायचा आहे, म्हणून त्याने पैसे आधी चांगल्या बुटांत आणि गोळ्यात घालावेत.

मग महिनाभर काहीही विकत न घेता घरातल्या वस्तूंनी आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करा. ५ लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे ५ किलो, २० लिटरचा म्हणजे २० किलो. दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन या. पाठपिशवीत तांदळाच्या पिशव्या भरून बैठका मारा. पायरीवर हात टेकून जोर काढा. महिनाभर हे टिकलं तरच पुढच्या पायरीला जा. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

दुसरी पायरी : जागा आणि छप्पर तपासा

पडवी प्रशस्त असते, पण पावसाची झड तिथपर्यंत येते आणि खारा वाराही थेट लागतो. व्यायाम पडवीत करा, सामान मात्र आतल्या खोलीत ठेवा. म्हणून प्रत्येक वस्तू एका माणसाला उचलून आत नेता येईल अशी हवी. ज्यांच्या घरी पश्चिमेची खिडकी नसलेली कोरडी खोली आहे, त्यांचं निम्मं काम झालेलंच आहे.

जागा दोन मीटर गुणिले अडीच मीटर असली तरी पुरते. दोन्ही हात वर करून, हातात काठी धरून उभं राहा आणि काठी वाशाला, पंख्याला किंवा ट्यूबलाइटला लागते का पाहा. जुन्या कौलारू घरांत मधे उंची भरपूर असते, पण कडेला छप्पर एकदम खाली येतं.

काहीही टांगायचं असेल तर इथे थांबून नीट विचार करा. वासा हा कौलांचा भार वाहण्यासाठी असतो, लोंबकळणाऱ्या माणसासाठी नव्हे. रीप तर मुळीच नको. तुळई चालते, पण आधी टोकदार स्क्रू ड्रायव्हरने जागोजागी टोचून पाहा. तो सहज आत गेला किंवा भुसा पडला तर वाळवी अथवा भुंग्याने आत पोकळ केलं आहे. जांभ्याच्या भिंतीत साधा फुगणारा बोल्ट ठोकून त्यावर भरवसा ठेवू नका. जांभा सच्छिद्र असतो, बोल्ट फुगला की भोवतालचा दगड चुरतो. दगड नुसत्या मातीने जोडलेली भिंत असेल तर बेतच सोडा. सिमेंटच्या चांगल्या बांधकामात गवंड्याकडून केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) बसवून घ्यावा, किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावावी. स्लॅबच्या घरात काँक्रीटची बीम सर्वांत बरी.

माणूस झोका घेतो किंवा झटका देतो तेव्हा आधारावर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. ७० किलोच्या माणसासाठी आधार किमान २०० किलोचा धरा. पहिल्यांदा दोन जणांनी मिळून, पाय जमिनीजवळ ठेवून, हळूहळू भार टाकून पाहावा.

परसातलं झाड हा उत्तम आधार आहे. आंब्याचा किंवा फणसाचा जाड बुंधा पट्टा अडकवून ओढायला छान. शेवग्याच्या फांदीला काही बांधू नका, ती न सांगता मोडते. आणि नारळ लागलेल्या माडाखाली व्यायाम करायचा नाही.

तिसरी पायरी : धातू ओळखा

क्रोमचा मुलामा दिसतो छान, पण त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. गंज त्यांतून खाली शिरतो आणि मुलाम्याचे धारदार पापुद्रे निघतात. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत क्रोम टाळाच. पावडर कोटिंग (भट्टीत तापवून चढवलेला भुकटीचा रंग) चांगलं, मात्र ओरखडा पडला की तिथून गंज कोटिंगखाली पसरतो, म्हणून ओरखड्यावर लगेच रंगाचा हात द्यावा. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ दर्जावरही समुद्राजवळ चहासारखे डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त टिकतं, पण बरंच महाग. साधं ओतीव लोखंड मला सगळ्यांत आवडतं. त्याला गंज चढतो तो वरवर, तारेच्या काथ्याने घासलं की निघतो, वस्तूचं काही बिघडत नाही.

पुलअपसाठी दांडा हवा असेल तर नळवाल्याकडून एक इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ) घ्या. 'एक इंची' म्हणत असले तरी त्याचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो मुठीत नीट बसतो. सव्वा इंची पाइप ४२ मिलिमीटरचा, लहान हाताला जाड पडतो. पाइप जाड भिंतीचा मागा. शक्यतो वेल्डिंग टाळा, कारण तिथे जस्त जळून जातं. करावंच लागलं तर सांध्याला जस्ताचा प्रायमर लावून घ्या.

चौथी पायरी : याच क्रमाने घ्या

*केटलबेल.* एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच. वाकून उचलणं, बैठक, डोक्यावर ढकलणं, एका हातात धरून चालणं, सगळं हिच्यावर होतं. नवख्या बाईसाठी ८ किलो आणि नवख्या पुरुषासाठी १२ किलो ही सुरुवात ठीक. अंगमेहनतीची सवय असेल तर १६. मूठ आणि गोळा एकाच ओतकामातले हवेत, जोडलेले नकोत. मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, ओतकामाची शिवण टोचत असेल तर ती तळहात फाडेल. दोन्ही हातांनी मूठ धरून पाहा, बोटं एकमेकांवर चढता कामा नयेत. मुठीची जाडी ३३ ते ३५ मिलिमीटर चांगली. खाली टेकवल्यावर डगमगायला नको.

प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या स्वस्त केटलबेल बाजारात खूप दिसतात. त्या घेऊ नका. गोळा अवाढव्य असल्याने मनगटावर विचित्र आदळतो, कवच तडकलं की आत ओल जाते आणि मूठ निसटण्याची भीती राहते. स्विंग करताना, म्हणजे पायांमधून पुढे झोका देताना, हातातून सुटलेली केटलबेल काय करू शकते ते सांगायला नको.

*लाकडी रिंगा.* ओढण्याच्या व्यायामासाठी यांच्याइतकी स्वस्त आणि टिकाऊ वस्तू नाही. तयार सस्पेन्शन पट्टे मिळतात ते सोयीचे आहेत, पण रिंगा दोन्ही कामं करतात : खाली सोडून तिरकं ओढायचं, वर बांधून लोंबकळायचं. दमट हवेत हात घामेजतात, प्लास्टिक सटकतं, लाकूड धरून ठेवतं. जाडी २८ किंवा ३२ मिलिमीटर मिळते. हात मोठा असेल तर ३२ घ्या. पट्ट्याची लांबी तुळईच्या उंचीच्या हिशोबाने बघा, साडेचार मीटरचा पट्टा बहुतेक घरांत पुरतो. पट्टा उन्हात राहणार असेल तर नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरा. बकलाचे दात आणि स्प्रिंग इथेच गंज आधी लागतो, तेव्हा दर आठवड्याला तिथे नजर टाका. लाकडाला पावसाळ्यात भुरी येते, ती कोरड्या फडक्याने पुसून उघडीप मिळाली की ऊन दाखवायचं.

*वाळूची पिशवी.* पोतं उचलण्याची खरी तालीम हिच्यावर होते, कारण पिशवी हातात स्थिर राहत नाही. घरी करता येते. आत जाड प्लास्टिकच्या पाच-पाच किलोच्या पुरचुंड्या, प्रत्येकीला दुहेरी पिशवी, आणि बाहेर जाड कॅनव्हासची हातळ्यांची पिशवी. चेन धातूची नको, प्लास्टिकची. एक लिटर कोरडी वाळू साधारण १.६ किलो भरते, म्हणजे २० किलोला साडेबारा लिटर. दारात समुद्र असला तरी किनाऱ्यावरची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ ओल धरतं, कापड कुजवतं आणि वजनही बदलत राहतं. बांधकाम सामानाच्या दुकानातून एक पोतं वाळू घ्या, दोनदा धुवा आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीवर खडखडीत वाळवा. पुरचुंड्यांमुळे वजन कमी-जास्त करता येतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकच पिशवी पुरते.

*रबरी पट्टे.* लांब वेढ्याचे, १०४ सेंटिमीटरचे, दोन जाडीचे घ्या. साच्यातून काढलेल्या पट्ट्यापेक्षा थरांवर थर चढवून केलेला जास्त टिकतो. कड जवळून पाहिली की थर दिसतात. लॅटेक्सला ऊन आणि तेल दोन्ही वर्ज्य. आपल्याकडे अंगाला खोबरेल लावून व्यायाम करायची सवय आहे, पण त्याच हातांनी पट्टा धरलात तर रबर मऊ आणि चिकट होऊन काही महिन्यांत तुटतं. हात साबणाने धुऊनच पट्ट्याला लावा. प्रत्येक वेळी ताणण्याआधी उजेडात धरून चीर आहे का पाहा, कारण ताणलेला पट्टा तुटला तर तो थेट डोळ्यावर येतो.

*मुदगल.* दुकानातल्या यादीत हे सहसा नसतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. खांदे आणि मनगटं मोकळी ठेवायला, अंग पिळण्याची ताकद यायला जोडीच्या मुदगलांना तोड नाही. शिवाय लाकूड गंजत नाही. गावच्या सुताराकडून लेथवर करून घ्या. सागवान किंवा फणस चालेल. खैर जास्त जड, त्याच वजनाला आकार लहान होतो. लाकूड पुरतं वाळलेलं असल्याची खात्री करा, नाहीतर वर्षात चीर जाते. सुरुवातीला प्रत्येकी दोन किलो पुरे. दोन्हींच्या वजनात शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. वर जवसाच्या तेलाचे दोन हात. फिरवताना भोवती दीड मीटर जागा मोकळी हवी, आणि पोरंबाळं लांब.

*चटई.* जोडून बसणाऱ्या मऊ फोमच्या चटया वजन घेऊन उभं राहायला डळमळीत असतात. १० ते १५ मिलिमीटर जाडीची रबरी चटई घ्या. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, तेव्हा चटई आठवड्यातून एकदा उचलून दोन्ही बाजूंनी पुसा.

बॅटल रोप (एक टोक बांधून दोन्ही हातांनी लाटांसारखा हलवायचा जाड दोर) हवाच असेल तर नवा घेण्याआधी बंदरावर चौकशी करा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा ठिकाणी नांगराचे, बोटी बांधायचे जुने जाड दोर मिळू शकतात. ३८ मिलिमीटरच्या आसपासचा, १० ते १२ मीटर लांबीचा, कुसळं न निघालेला निवडा आणि गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून धुवा. काथ्याचा दोर नको, तळहात सोलतो.

चकती फिरवून वजन बदलणारे डंबेल्स, केबलची यंत्रं, मोटर असलेलं काहीही ह्या गोष्टी मी किनाऱ्याजवळ घेऊ देत नाही. पहिल्यात आतली यंत्रणा अडकते आणि वजन अर्धवट धरलं जातं. दुसऱ्यात तार प्लास्टिकच्या वेष्टणाखाली गंजते, बाहेरून काही कळत नाही. माझ्या घरी तेच झालं होतं.

पाचवी पायरी : खरेदी

ओतीव लोखंडाच्या वस्तूचा भाव किलोवर काढून तुलना करा, नगावर नाही. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने आहेत आणि तालमींची परंपराही, त्यामुळे घाटावरून सामान आणणं सोपं पडतं. वाहतुकीचा खर्च मात्र आधी विचारा, जड वस्तूला तो डोईजड होतो. दोन-तीन घरांनी मिळून मागवलं तर बराच वाचतो. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून गाडीने येणाऱ्या चाकरमान्याला एक १६ किलोची केटलबेल आणायला सांगणं हाही चांगला मार्ग आहे.

वस्तू आल्यावर ती वाण्याच्या काट्यावर ठेवून खरं वजन पाहा. किती भार चालतो ते पट्ट्यावर शिवलेलं आणि हुक, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) यांवर कोरलेलं असावं. छापील कागद चिकटवलेला असेल तर परत करा. गिर्यारोहणाच्या दुकानातला कॅराबिनर घेतला तर काळजी नाही. खरेदी दिवाळीच्या सुमारास करा. हवा कोरडी व्हायला लागलेली असते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्रत्येक वस्तूची सवय आणि खोड दोन्ही कळतात.

सगळं एकदम घेऊ नका. पहिले तीन महिने केटलबेल आणि चटई, मग रिंगा, मग वाळूची पिशवी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. अंगणात चालणं आणि एक केटलबेल एवढ्यावर हे पुरं होतं.

सहावी पायरी : मिरगाआधीची आवराआवर

आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तेव्हाच व्यायामाच्या साहित्याचीही आवराआवर करा. लोखंड गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, दिवसभर उन्हात ठेवून, मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. मुठींना तेल लावू नका, त्या नुसत्या कोरड्या ठेवा. केटलबेल थेट लादीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. रबरी पट्ट्यांना टाल्कम पावडर चोळून झाकणाच्या डब्यात, काळोखात. रिंगांचे पट्टे गुंडाळून न ठेवता खुंटीवर मोकळे टांगा.

पावसाळ्यात दर रविवारी दहा मिनिटं पुरतात : लोखंड पुसणं, चटई उलटणं, बकल आणि हुक तपासणं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाऊस उतरू लागला की टांगलेलं सगळं खाली काढा. पट्ट्याची शिवण नखाने ओढून पाहा, एक जरी टाका उसवलेला दिसला तर पट्टा बदला. तुळई पुन्हा टोचून बघा, बोल्ट आवळा, आणि पहिल्या दिवशी पाय जमिनीवर ठेवूनच भार द्या.